ग्रुपवर नळाचं लिहिलं, आता फोन दादाकडे

या वेळचं पत्र मराठवाड्यातल्या एका गावातून आलंय. गावाचं नाव काढलंय, दोन-चार खुणाही बदलल्यात. तरी कुणाला हे आपलंच गाव वाटलं तर वाटू दे, दहा-वीस गावांना वाटणारच आहे.

"ताई, मी २३ वर्षांची. बी.कॉम. झालंय, तालुक्याला पतसंस्थेत क्लार्क आहे. गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, २१४ मेंबर. तिथे शुभ सकाळ, वाढदिवसाचे बॅनर आणि भावपूर्ण श्रद्धांजली एवढंच चालतं. आमच्या आळीला पाच आठवडे नळाला पाणी नाही. मी ई-ग्रामस्वराजच्या साईटवर बघितलं तर पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून आमच्याच आळीच्या पाईपलाईन दुरुस्तीला ३ लाख ४० हजार खर्च दाखवलाय. तो स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आमच्या आळीच्या पाईपलाईनला ३ लाख ४० हजार खर्च दाखवलाय, काम होताना कुणी पाहिलं का? पैसे कुणी खाल्ले ते सगळ्या गावाला माहितीय. नळाला थेंब नाही पण सरपंचांच्या पोराच्या बुलेटला पेट्रोल बरं मिळतं.' अकरा जणांनी अंगठा दिला, रात्रीपर्यंत त्यातल्या सात जणांनी काढून घेतला. ॲडमिन माझे चुलतकाका आहेत, त्यांनी मला रिमूव्ह केलं, म्हणे ॲडमिनवर केस होते. दुसऱ्या दिवशी बीट जमादारांचा फोन आला, ठाण्यात येऊन माफीनामा लिहून दे नाहीतर आयटी ॲक्टची केस टाकतो. सरपंचांच्या पुतण्याचा मेसेज आला, 'तुझे फोटो आमच्याकडे पण आहेत, विचार करून बोल.' दादा म्हणतो सगळं डिलीट कर आणि व्हॉट्सॲपच काढून टाक. मी माफी मागू का? (फोन आता रात्री दादाकडेच असतो. पॅटर्न त्याला आधीपासून माहीत होता. हे ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून लिहितेय.)"

अगं, आधी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून लॉग-आउट केलंस ना ते बघून ये, मग पुढचं वाच.

जमादारांपासून सुरू करते, कारण तुझी झोप त्यांनी घालवलीय. "आयटी ॲक्टची केस टाकतो" असं कुणी म्हणालं की शांतपणे एकच विचारायचं, साहेब कलम कुठलं? बऱ्याचदा उत्तर येत नाही आणि आलं तर '६६ अ' येतं, म्हणजे ऑनलाईन आक्षेपार्ह काही लिहिलं म्हणून पकडायचं कलम. ते कलम मेलंय. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद झाली, तेव्हा हा बंद कशाला अशी फेसबुक पोस्ट पालघरच्या एका मुलीने लिहिली आणि दुसरीने ती नुसती लाईक केली, तर दोघींना पोलिसांनी उचललं आणि पहिलीच्या नातेवाइकांचा दवाखाना जमावाने फोडला. त्यांना लावलेल्या कलमांत हे ६६ अ होतं. श्रेया सिंघल नावाच्या कायद्याच्या विद्यार्थिनीने त्यावर याचिका टाकली आणि २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ते कलम घटनाबाह्य म्हणून रद्द केलं. तरी देशभर ठाण्याठाण्यांत ते वापरणं चालूच राहिलं, २०२१ मध्ये हे समोर आल्यावर कोर्टालाच धक्का बसला आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. म्हणजे मेलेलं कलम सात वर्षं चालत-फिरत होतं, आणि तोंडी धमकीत ते अजून जिवंत असेल तर मला नवल वाटणार नाही.

मग तुझ्या मेसेजवर खरंच काय होऊ शकतं? फार तर बदनामी, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ (१ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी हीच आहे). पण बदनामी अदखलपात्र आहे. पोलीस त्यावर एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, घेतील, कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास नाही की अटक नाही. सरपंचांना खाज असेल तर त्यांनी वकील करून कोर्टात तक्रार करायची. आणि त्याच कलमात अपवादही आहेत, लोकांच्या हिताची खरी गोष्ट मांडणं किंवा लोकसेवकाच्या कामाबद्दल प्रामाणिकपणे मत देणं बदनामीत मोडत नाही.

ठाण्यात बोलावण्याचं म्हणशील तर साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांनी घरी यायचं. आरोपी म्हणून बोलवायचं असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती व्हॉट्सॲपवर पाठवलेली चालणार नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलंय (मला हे वाचून हसूच आलं होतं, व्हॉट्सॲपवरच्या पोस्टसाठी व्हॉट्सॲपवर नोटीस). पुन्हा फोन आला तर उर्मट बोलू नकोस, "साहेब लेखी नोटीस द्या, मी वकिलांसोबत येते" एवढं बोल आणि तारीख-वेळ वहीत लिहून ठेव. फोन जमा कर म्हणाले तरी नुसत्या शब्दावर हातात द्यायचा नाही, पंचनामा आणि पावती मागायची. वकील परवडत नाही असं म्हणू नकोस, बायकांना कमाई कितीही असो सरकारी विधी सेवा फुकट आहे, तालुका कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समिती असते, नाहीतर १५१०० वर फोन कर.

माफीनामा मात्र लिहू नकोस. ठाण्यात बसून, घामाघूम होऊन, समोरचा सांगेल तसं लिहिलेला कागद म्हणजे "मी खोटं लिहिलं होतं" याची तुझ्याच अक्षरातली कबुली. आणि तू खोटं लिहिलेलं नाहीस. सगळं लिहिलेलं बरोबर आहे असंही मी म्हणत नाहीये.

तुझ्या मेसेजमध्ये तीन वाक्यं आहेत, ती आपण सुटी करून बघू. पहिलं, खर्च इतका दाखवलाय, काम होताना कुणी पाहिलं का. हे सोन्यासारखं वाक्य आहे, आकडा सरकारच्याच साईटवरचा, सोबत स्क्रीनशॉट, आणि शेवटी प्रश्न. याला कुणी हात लावू शकत नाही. दुसरं, पैसे कुणी खाल्ले ते सगळ्या गावाला माहितीय. हे माहिती नसतं गं, हे वाटत असतं. काम कागदावरच झालं असेल, दुसऱ्या आळीत झालं असेल, ठेकेदाराने सरपंचालाही टोपी घातली असेल, तुला काय माहीत? मी पूर्वी तालुक्याच्या एका साप्ताहिकात होते, तेव्हा एका रस्त्याच्या बातमीत 'मलिदा' असा शब्द टाकला होता. रस्ता पहिल्या पावसात वाहून गेला होता, फोटो होते, मोजमापं होती, सगळं होतं, पण मलिदा खाताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. त्या एका शब्दापायी चार वर्षं तारखांना गेले. समोरच्या वकिलाने रस्त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त विचारत राहिला, मलिदा म्हणजे नक्की काय हो मॅडम?

तिसऱ्या वाक्याकडे, बुलेटच्या, नंतर येते.

तर माफी नको, पण दुरुस्ती कर. कुणीतरी मैत्रीण त्या ग्रुपमध्ये असेलच, तिच्याकडून नाहीतर स्वतःच्या स्टेटसला टाक, "खर्चाचा आकडा आणि माझा प्रश्न कायम आहे. पैसे कुणी खाल्ले याचा पुरावा माझ्याकडे नाही, ते वाक्य मी मागे घेते." बस. यात कमीपणा नाही. उलट आता तुझ्याकडे फक्त पहिलं वाक्य उरतं आणि उत्तर त्यांना द्यावं लागतं. सोबत माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाक, दहा रुपयाचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत (महाराष्ट्रात तसा नियम आहे, लांबड लावली की परत येतो), त्या कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची (झालेलं काम मोजून ज्यात लिहितात ती) प्रत आणि बिलाची प्रत माग. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मोजमाप पुस्तिका हा शब्द तसाच लिही, त्याच्यावरून अर्ज करणाऱ्याला काय कळतं ते ग्रामसेवकाला लगेच समजतं.

डिलीट करायचं तर मुळीच नाही. तू ग्रुपमधून बाहेर आहेस, आता डिलीट केलंस तर मेसेज २१४ जणांच्या फोनमधून जाणार नाही, फक्त तुझ्या फोनमधून जाईल. त्यांच्याकडे तुझा स्क्रीनशॉट राहील, कदाचित अर्धवट कापलेला, आणि तुझ्याकडे पूर्ण मेसेज दाखवायला काहीच नसेल. चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ईमेलला पाठवून ठेव, पुतण्याचा मेसेज पण.

त्या पुतण्याचं एका दमात सांगते. या सगळ्या प्रकरणात पोलिसांनी बघावं असं काही असेल तर ते त्याचा मेसेज आहे. तुझ्या प्रोफाईलचा नाहीतर लग्नातला फोटो असेल त्याच्याकडे, पण फोटोचं नाव काढून गप्प बसवणं ही धमकी आहे. उत्तर देऊ नकोस, ब्लॉक करण्याआधी नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट घे, सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर बायकांसाठी वेगळा भाग आहे तिथे तक्रार टाक आणि तिची प्रत जमादारांना दे. माझ्या माफीनाम्याआधी हे बघा म्हणावं.

आता काका. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की मेंबरने काही टाकलं तर नुसता ॲडमिन म्हणून माणूस गुन्हेगार ठरत नाही, दोघांचा मिळून बेत असेल तरच. (त्या ग्रुपवर एक मेंबर एका बाईला घाण बोलला होता आणि ॲडमिनने काहीच केलं नाही, म्हणजे निकाल कायद्याने बरोबर असला तरी मला त्या बाईचंच जास्त वाटलं.) तरी काकांवर फार रागावू नकोस. त्यांच्या पिढीने १ जुलै २०१८ चं राईनपाडा पाहिलंय. धुळे जिल्ह्यात, मुलं पळवणारी टोळी आलीय असले मेसेज फिरत होते आणि बाजाराच्या दिवशी भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्ड पाच चॅटपुरतं आणायचं जाहीर केलं. पुढे २०२३ च्या जूनमध्ये काही पोरांच्या स्टेटसवरून कोल्हापूर पेटलं आणि इंटरनेट बंद झालं, ज्यांनी ते स्टेटस पाहिलंही नव्हतं त्यांची पण गुगल पे बंद. तेव्हा ग्रुपची भीती काकांना उगाच नाही. फक्त माणसं मारायला लावणारी अफवा आणि नळाचा हिशोब यातला फरक त्यांना कळेनासा झालाय, आणि हे काकांचंच नाही, आपल्याकडे सगळ्यांचंच झालंय. ग्रुपवर देवाचे फोटो चालतात, दुसऱ्या जातीला टोमणे चालतात, 'भावी सरपंच' चालतात, नळ काढला की "राजकारण नको".

सात जणांनी काढलेले अंगठे मला जास्त लागले. पण बघ, चार राहिले. कोण आहेत ते चौघे? त्यांची नावं लिहून ठेव.

इतकं सगळं लिहिलं, पण मला तुझं पत्र दोनदा वाचल्यावर कळलं की खरी गोष्ट तू कंसात टाकलीस. फोन रात्री दादाकडे असतो.

कंसात का टाकलंस माहितीय, कारण ते तुला विशेष वाटतच नाही. रात्री दहाला फोन शोकेसमध्ये, पॅटर्न सगळ्यांना माहीत, आई म्हणते आपल्यात लपवण्यासारखं काय आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या बायकांमध्ये स्वतः वापरते असा स्वतःचा मोबाईल साधारण ५४ टक्के जणींकडे निघाला होता. तू कागदावर त्या ५४ मध्ये आहेस. लाडकी बहीणच्या ई-केवायसीच्या वेळी तुझ्या आळीतल्या किती जणींचा ओटीपी दिराच्या नाहीतर मुलाच्या फोनवर आला असेल ते तूच आठवून बघ.

आणि हा काही भावाबहिणीचा रुसवा-फुगवा नाही, याच प्रकरणात तो आडवा येणार आहे. उद्या वकिलांशी बोलशील ते दादा वाचणार. पुतण्याचा मेसेज "कटकट नको" म्हणून तो तुझ्या भल्यासाठी उडवून टाकू शकतो, पुरावा गेला. त्याहून वाईट म्हणजे रात्री साडेदहाला तुझ्या फोनवरून सरपंचांना "चुकले, माफ करा" असा मेसेज त्यानेच पाठवला तर? तो तुझाच धरला जाईल. चारचौघांत नीट बोलायचं तर आधी चार गोष्टी कुणाशी तरी एकांतात बोलून घ्याव्या लागतात, हे बरोबर आहे का, असं लिहू का, मला भीती वाटतेय. ती जागाच तुझ्याकडे नाहीये. म्हणून तर तो मेसेज एका झटक्यात, खाल्ले-बिल्ले सकट, थेट २१४ जणांसमोर गेला. मैत्रिणीला आधी दाखवला असतास तर दुसरं वाक्य तिनेच काढलं असतं.

कायद्याची थेट मदत इथे फारशी नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामींच्या आधारवरच्या याचिकेत, नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, पण तो मुख्यतः सरकारला अडवायला. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, तो घरगुती वापराला लागूच नाही. दादासाठी काही कोर्टात जायचं नाही, त्याच्याशी तुलाच बोलावं लागेल.

भांडू नकोस आणि चोरून दुसरं सिम तर अजिबात घेऊ नकोस, सापडलं की सगळं घर एकच अर्थ काढेल आणि नळ बाजूला राहील. दादा वाईट आहे असं पत्रावरून वाटत नाही, घाबरलाय. त्याला सांग की पतसंस्थेचं काम फोनवर येतं, मॅनेजरचे मेसेज येतात, लोकांच्या खात्यांचं बोलणं असतं, ते दुसऱ्या कुणी बघितलं तर माझी नोकरी जाईल. हे खोटं नाहीये. "फोन माझा आहे, हप्ते मी भरते" एवढंच पुरायला हवं होतं, पण आपल्याकडे मुलीच्या हक्कापेक्षा मुलीच्या नोकरीला घरात जास्त मान आहे, तर तोच वापर. आई समोर असताना बोल, आणि रात्री झोपायच्या आधी नको, रविवारी सकाळी चहाला. फोन शोकेसमध्ये ठेवायचाच असेल तर ठेव, पण लॉक करून.

लॉक म्हणजे पॅटर्न नको. पॅटर्नचा तेलकट माग स्क्रीनवर उमटतो, तिरका धरला की दिसतो, शेंगदाण्याची चटणी खाल्ली असेल तर बघायलाच नको. सहा आकडी पिन ठेव, जन्मतारीख सोडून. व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस उघडून बघ, दादाच्या लॅपटॉपवर तुझं चॅट चालू असेल तर फोन उशीखाली ठेवून काय उपयोग. टू-स्टेप व्हेरिफिकेशन लाव. सिम कुणाच्या नावावर आहे ते बघ, दादाच्या असेल तर आत्ता नाही पण वर्षभरात स्वतःच्या नावावर करून घे, ओटीपी शेवटी सिमच्या मालकाच्या हातात असतो.

आणि एक, जे कुणीच बघत नाही. फोन घेतलास तेव्हा जीमेल कुणी काढून दिलं? दुकानातल्या पोराने ना? मी किती दुकानांत पाहिलंय, काउंटरवर रेघांची वही असते, त्यात गिऱ्हाइकाचं नाव, जीमेल आणि पासवर्ड, आणि पासवर्ड म्हणजे नाव, पुढे ॲट, पुढे १२३. विसरलात तर या म्हणतो, प्रेमाने. तुझे फोटो, नंबर, व्हॉट्सॲपचा बॅकअप, सगळ्याची किल्ली त्या वहीत आहे आणि सरपंचांचा पुतण्या पण त्याच दुकानात रिचार्ज मारत असणार. आज पासवर्ड बदल, रिकव्हरीला दुकानदाराचा नंबर असेल तर काढ, आणि बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन चालू कर, ते आपोआप चालू होईलच असं नाही.

ग्रुपमध्ये परत घ्या म्हणून काकांच्या मागे लागू नकोस. पुढची ग्रामसभा १५ ऑगस्टला असेल नाहीतर २ ऑक्टोबरला, आरटीआयची कागदं तोवर येतील, त्या राहिलेल्या चार अंगठ्यांपैकी दोघं जरी सोबत आली तरी पुष्कळ. तिथे प्रश्न विचारायचा, इतिवृत्तात लिहून घ्या म्हणायचं, आणि लिहीपर्यंत खाली बसायचं नाही.

बुलेटचं राहिलं. ते वाक्य ग्रुपवर नको होतं, पोराने बुलेट कर्ज काढून घेतली असेल, काय माहीत. पण वाक्य झकास आहे, मी दोघी-तिघींना ऐकवलं, तुझं नाव न सांगता. पुढच्या वेळी असलं सुचलं की मैत्रिणीला पाठव, पिन बदलल्यावर.